दोरीचं कडं

"काय एकेक उद्योग अप्पांचे!" दादा वैतागला. खाडीच्या तोंडाशी होडीचं इंजिन बंद पडलं होतं, ओहोटी दोघा भावंडांना खडकांकडे ओढत होती, आणि अप्पांच्या पेटीतल्या प्रत्येक हत्याराला मनगटात अडकवायचं दोरीचं कडं होतं. हातातून निसटलं तरी पाण्यात जाऊ नये म्हणून. पण दादाचा पंजा कड्यात जाईना. त्याने दोरी कापून टाकली, प्लगला पाना लावला, आणि होडी डचमळताच पाना थेट खाडीच्या तळाला गेला.

अप्पांच्या माघारी होडी विकायची, म्हणून बहीणभाऊ शेवटची फेरी मारत होते. अप्पा दर सुट्टीत बहिणीला म्हणायचे, "अगो पोरी, एकदा चल की होडीतून." ती "पुढच्या खेपेला" म्हणून टाळायची.

आता तिने दुसरा पाना उचलला. कडं अलगद मनगटात बसलं. लाट आली, पाना निसटला आणि हाताला लोंबकळत राहिला. तिने प्लग काढला, पुसून बसवला. तिसऱ्या हिसक्याला इंजिन सुरू झालं.

"एवढी बारकी कडी कुणाच्या हातात जाणार होती?" दादाने विचारलं.

"सव्वादोनची आहेत," ती म्हणाली. "माझ्या बांगड्या जत्रेतून अप्पाच आणायचे."