कन्हेरीच्या खुणा

"समजलं नाही. पुन्हा खूण करा."

हातांच्या खुणा वाचून त्या बोलून दाखवणारा स्वरदाचा टॅबलेट तिसऱ्यांदा तेच म्हणाला.

समोर कन्हेरी गावचा गंगाराम उभा होता. बारामती एमआयडीसीतल्या या दूध प्रकल्पात मूकबधिरासाठी ठेवलेल्या एकुलत्या एका जागेवर तो अकरा वर्षं क्रेट भरत होता. त्याने पुन्हा दोन बोटं कपाळाला लावली, मूठ छातीवर आपटली, हात हवेत फिरवला.

"च्या कवा येनार, इचारतोय," पॅकिंगवाली एक बाई हसत म्हणाली.

"बघा मॅडम. ह्येचे हातवारे आमच्या वॉचमनलाबी कळत्यात," मॅनेजर दिग्विजयराव म्हणाले. "तुमच्या मशीनला न्हाय कळत. मग त्यावर आमी पापड वाळवायचे का?"

स्वरदाने ओठ चावला. मशीन पास झालं, तर नव्या लाईनवर वीस मूकबधिर घ्यायचे असं कंपनीने ठरवलं होतं. यादीत पहिलं नाव तिच्या धाकट्या भावाचं, अनयचं. तो शेजारीच उभा होता, मुलाखतीला इस्त्रीचा शर्ट घालून आलेला.

अनय मघापासून गंगारामचे हात निरखत होता. त्याने टॅबलेटसमोर भराभर खुणा केल्या आणि टॅबलेट खणखणीत बोलला, "ताई, हा काय म्हणतोय ते मलाही कळत नाही."

"घ्या! घरचाच साक्षीदार उलटला," दिग्विजयराव म्हणाले.

"साहेब, खेड्यात शाळा नसली की प्रत्येक घर आपल्या खुणा बनवतं," स्वरदा घाईने म्हणाली. "मशीनला आम्ही इंदापूरच्या पोरांकडून शिकवलं. निमगाव केतकीच्या बाजारात मूकबधिर कुशाबाई भाजी विकतात, त्यांच्याकडून शिकवलं. कन्हेरीला गेलोच नाही. चूक माझी आहे. एक महिना द्या, मी गंगारामकाकांच्या घरी जाऊन बसते."

गंगाराम जोरजोरात नकारार्थी मान हलवू लागला.

"ओठ वाचतो त्यो," दिग्विजयराव कौतुकाने म्हणाले. "मागनं फोर्कलिफ्ट आली तरी जमिनीच्या हादऱ्यावरनं वळखून बाजूला हुतो. लई हुशार गडी. त्याच्याशी जमंना, तर नव्या वीस जणांशी काय जमनार? ऱ्हाऊ द्या."

विषय संपला. अनयला सांगावं लागलं नाही. त्याने शर्टाचं वरचं बटण सोडलं, तेव्हा स्वरदाला स्वतःचाच भयंकर राग आला. दोन वर्षं गावोगाव हिंडली आणि हाकेच्या अंतरावरचं कन्हेरी राहिलं!

गेटपर्यंत तिची बॅग गंगारामनेच उचलून आणली. वॉचमन चहाला गेला होता, म्हणून दारही त्यानेच उघडलं. मग तिच्यासमोर उभा राहून त्याने हात जोडले. त्याचे डोळे भरले होते. ही खूण कुणालाही कळली असती.

"तुमची काय चूक, काका?" ती म्हणाली. त्याला ऐकू जाणार नाही, पण ओठ वाचता येतील म्हणून सावकाश म्हणाली.

अनय मागे बसला. वडिलांच्या जुन्या मोटरसायकलला तिने किक मारली. डोळ्यांतल्या पाण्याने पुढचं धड दिसत नव्हतं. तशीच ती रस्त्याकडे वळली. समोरून दुधाचा टँकर येत होता.

"ओ ताई, स्टँड! स्टँड वर घ्या!"

तिने करकचून ब्रेक दाबला आणि वळून पाहिलं.

गेटात गंगाराम एकटाच उभा होता, दोन्ही हातांनी तोंड दाबून.