उलटे मोजे
चाळिशीतल्या रंगाऱ्याला ऑटिझमची तपासणी करून घ्यायची होती. "लहानपण पाहिलेलं माणूस आणा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, म्हणून तो आईला घेऊन आला. लेकात खोट काढू द्यायची नाही, असं ठरवून आई कंबर कसूनच बसली होती. "मुलाला गोंगाटाचा त्रास व्हायचा?" "मुळीच नाही." "कपडे टोचायचे?" "छे." लेकाचा चेहरा उतरला, निदान झालं नाही तर जन्मभर ऐकलेलं 'विक्षिप्त' कायमचं चिकटणार. बाईंनी विचारलं, "मोजे कसे घालायचा?" "चारचौघांसारखे. शिवण बोटांना लागू नये म्हणून मी उलटे चढवायचे, एवढंच." "आणि मिक्सर लागला की?" "लागायचाच नाही. तो खेळायला गेला की लावायचे." बाईंनी पेन खाली ठेवलं. "आजी, त्रास होता. तुम्ही तो त्याच्यापर्यंत पोचू दिला नाहीत." आई कावरीबावरी झाली. "म्हणजे माझंच चुकलं?" "नाही गं," लेक हसला, "तेवढं आता तुझ्या सुनेलाही शिकव."