कड्यावरची साखळी

शेवटचा कडा चढून आम्ही दोघी बहिणी माथ्यावर आलो तेव्हा पायांचे तुकडे पडले होते. पानगळीचं ऊन फिकं पडलं होतं. ताईने बूट काढून शेजारच्या दगडावर ठेवले. "पुढच्या वेळी मला नुसते फोटो दाखव," ती म्हणाली.

चढायला आणि उतरायला वाट एकच, कड्यावर सोडलेल्या लोखंडी साखळीची. ती एका वेळी एकानेच धरायची. साखळी हलत असली की कुणीतरी येतंय असं समजायचं. ती थांबली की माणूस पोचला.

आम्ही निघायला उठलो तर साखळी हलत होती.

"येऊ दे बिचाऱ्याला," म्हणत ताई परत बसली. तिला बरंच वाटलं असावं.

ऊन कलायला लागलं तरी कुणी वर येईना. साखळी दगडावर घासत होती, मध्येच थांबत होती, पुन्हा घासत होती. दमलेलं माणूस असंच चढतं. गवताचं पातंही हलत नव्हतं.

"कुठवर आलाय बघ गं," ताई म्हणाली.

मी कडेला पालथी पडून खाली पाहिलं. पायथ्यापर्यंत सगळा कडा दिसत होता आणि त्यावर कुणीच नव्हतं. साखळी खाली सैल लोंबत होती, वरच्या बाजूला मात्र वजनाने ताणलेली होती. तो ताणलेला भाग माझ्या डोळ्यांदेखत आखूड होत होता. दोन हात उरला. मग वीतभर.

मी सरपटत कडेपासून मागे झाले.

साखळी थांबली.

"पोचला एकदाचा," ताई डोळे न उघडताच म्हणाली, आणि दगडावरचे बूट उचलून तिने बसायला जागा करून दिली.