खबर म्हणजे

“उना बाई, तुन्हा नवरदेव उना!” शेजारी विकायला बसलेल्या बुधीबाईने रूपीबाईच्या बरगडीत कोपर मारलं.

पितांबर मास्तर स्टेशनाकडून छत्री सावरत नवापूरच्या बाजारात शिरत होते. रूपीबाईने चारोळीचं टोपलं उगाच सारखं केलं. आज तिच्यापाशी एकही अर्थ शिल्लक नव्हता.

कार्तिकात मास्तर पहिल्यांदा आले, तेव्हा ते शब्दांचं पुस्तक लिहीत होते. खबर हा शब्द फारसीतून आला, म्हणाले. नंदुरबारला खबर म्हणजे बातमी. सुरतेचे व्यापारी ‘मने खबर नथी’ म्हणतात, म्हणजे मला ठाऊक नाही. “तुमच्या पाड्यावर काय अर्थ, बाई?”

तिला आजवर कुणी ‘तुम्ही’ म्हटलं नव्हतं.

“मानूस मरी गया म्हंजे सांगाले जातस, ती खबर,” ती म्हणाली. मास्तरांनी लिहून घेतलं आणि वही मिटली.

अठरा सालच्या तापाच्या साथीत नवरा आणि दोन्ही मुलगे गेले, तेव्हापासून तिच्या घरात आवाज होता तो कोंबड्यांचा. मिटलेली वही पाहून ती घाईने म्हणाली, “आखो एक अर्थ शे. पुढला बाजारले सांगसू.”

मग बाजारामागून बाजार ती अर्थ रचत गेली. रिकाम्या वाटेकडे पाहून कुत्रं भुंकतं, ती खबर. विझलेल्या चुलीत एखादा निखारा उगाच तडतडतो, तीही खबरच. एकट्या बाईच्या हातून चुकून दोघांचं रांधलं जातं, ती तर मोठी खबर. मास्तर मान हलवत लिहीत. पुस्तक पुरं झालं की ते यायचे नाहीत, एवढं तिला कळत होतं.

आता चैत्राचं ऊन पेटलं होतं. मास्तर समोर येऊन उभे राहिले. कॉलर घामाने भिजलेली. कोटाचं एक बटण भलत्याच दोऱ्याने, पुरुषी हाताने टाचलेलं. रूपीबाईला एकदम स्वतःचीच लाज वाटली.

“लिखू नका, मास्तर. पहिला तेवढा खरा. बाकी सगळं मी खोटं सांगं. तुम्हनं पुस्तक मी बिघाडं.”

बुधीबाईचं हसू थांबलं. मास्तरांनी छत्री बाजूला ठेवली आणि टोपल्याशेजारी धुळीतच बसले.

“पुस्तक पौषातच छापायला गेलं, बाई,” ते म्हणाले. “सांगा, आज काय?”