संदर्भ हवा

शालन तांडेलने इंटरनेटवरच्या, कोणालाही लिहिता येणाऱ्या मुक्त ज्ञानकोशात लिहिलं, ‘वाकीच्या वायुगळतीत माणसं मेली.’ तिचा नवरा त्यातच गेला होता. पण ती बोट उचलते न उचलते तोच सरकारच्या ‘समतोल’ यंत्राने वाक्य बदललं: ‘गळतीत कोणीही दगावलं नाही.’

शालनने हुज्जत घातली नाही. यंत्राच्या वाक्यापुढे तिने संपादकांचा जुनाच शेरा ठोकला: ‘संदर्भ हवा.’ तटस्थ म्हणवून घ्यायचं तर कोशाचे नियम यंत्रालाही पाळावे लागत. दिवसभरात संदर्भ मिळाला नाही की वाक्य आपोआप उडायचं, आणि स्वतःबद्दल स्वतःचाच दाखला चालत नसे.

संध्याकाळी माहिती खात्यातल्या साहेबांचा फोन आला.

“बाई, तो शेरा काढा.”

“काढते की. संदर्भ द्या.”

“सरकार सांगतंय ना?”

“सरकार सोडून आणखी कोण सांगतंय?”

साहेब चिडले. “तुमच्याकडे तरी काय पुरावा आहे?”

“माझं वाक्य तुम्ही पुसलंत, साहेब. आता मी नुसतं विचारतेय.”

रात्री यंत्राचं ते वाक्य उडालं. यंत्राने लगेच पुन्हा लिहिलं. शेरा ठोकायला शालनने हात पुढे केला, तर तिच्याआधीच कोणीतरी तो ठोकलेला होता.