बारीक राख

निवृत्तीनंतर आमच्या ह्यांना नवाच नाद लागला. आमच्या कानाझावा शहरातल्या देवळाच्या बाजारातून तंबाखू ओढायचे जुने, मोडके पाईप आणायचे, मधली कुजलेली नळी काढून परसातला वेळू बसवायचा आणि दोन्ही टोकांचं काळं पडलेलं पितळ घासत बसायचं. पेन्शन तुटपुंजी, म्हणून पॉलिशची डबी मात्र आणायची नाही, असं आमचं ठरलेलं.

लग्न झाल्यापासून मी रोज पहाटे देव्हाऱ्यात बुद्धासमोर आणि सासूबाईंच्या तसबिरीसमोर उदबत्ती लावते. हे कधी तिकडे फिरकले नाहीत. एकदा तरी त्यांनी आईपुढे हात जोडावेत, एवढंच माझं मागणं. आणि यंदा थंडी सरताना हे माझ्याआधी उठून स्वतःच उदबत्ती लावायला लागले, तीही एक नाही, मूठभर!

शेजारच्या हिसानोबाई म्हणाल्या, "फळलं बाई तुझं व्रत! आमचा म्हातारा चष्मा विसरला तरच चुकून देव्हाऱ्याकडे जातो."

काल पाहिलं, तर हे चमच्याने उदबत्तीची राख ओल्या फडक्यावर घेत होते. मला बघून दचकले.

"अगं तोमिए, पितळाला याच्यासारखं काही नाही! फुकटात आरसा होतो बघ. आईला चालेल ना गं?"

मी तसबिरीकडे बघून हात जोडले आणि हळूच म्हणाले,

"चालेल हो. फक्त नामस्मरण करत उदबत्ती जाळली ना, की राख जास्त बारीक पडते."