फळा नसलेली मास्तरीण

सूनबाईने बी.एड. केलं तेव्हा मी गल्लीभर सांगून ठेवलं होतं, आता आमच्या घरात मास्तरीण. आणि बाईसाहेब रुजू झाल्या कुठे, तर दवाखान्यात! साखरेचा आजार असलेल्यांना इन्सुलिनचं इंजेक्शन आपलं आपण कसं घ्यायचं, ते शिकवायला. परवा एका शाळेचंही बोलावणं आलं.

"शाळाच घे," मी बजावलं. "ना फळा, ना पोरं, ही कसली गं मास्तरकी?"

"आई, एकदा येऊन तर बघा. मग तुम्ही म्हणाल तसं."

गेले. तिच्यासमोर एक म्हातारबुवा बसले होते. सगळं सांगून झाल्यावर "समजलं का?" असं तिने विचारलंच नाही. इंजेक्शनचं पेन त्यांच्या हातात दिलं आणि म्हणाली, "काका, आता मी पेशंट. शिकवा मला."

काका गडबडले. सुई बसवायलाच विसरले. ती हसली नाही की वैतागली नाही, पुन्हा पहिल्यापासून दाखवलं. तिसऱ्या खेपेला काकाच तिला दटावायला लागले, "अहो बाई, आधी हात धुवा!"

घरी येताना मी म्हटलं, "शाळेला नाही म्हणून कळव. आणि उद्या माझ्या गोळ्यांची पिशवी घेऊन मला बसव समोर. कुठली कशाची, अजून ठाऊक नाही मला. डॉक्टरांना दोन वर्षं खोटंच 'हो' म्हणत आलेय."